गावंडेभाऊंनी हात आखडला

यवतमाळच्या ऑफिसात माझी बदली झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरून मला सूचना मिळाली. "मंगलाताई, टपरीवर चहाचे पैसे द्यायच्या भानगडीत पडू नका. गावंडेभाऊंना राग येतो." मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चाललीय. दुपारी सगळ्यांबरोबर मीही टपरीवर गेले. चहा झाला, सवयीनं पर्स उघडली, तर एक भलामोठा तळहात माझ्या पर्सवर येऊन आडवा झाला.

"राहू द्या ताई. बंद करा थे. भावाच्या गावी आल्यावर बहीण पैसे देत असते काय?"

हे दिवाकर गावंडे. आस्थापना विभागातले वरिष्ठ लिपिक. उंच, अंगानं दुहेरी, मिशा तेल लावल्यासारख्या चकचकीत, आणि आवाज असा की दुसऱ्या खोलीतली फाईल मागवायला त्यांना शिपायाची गरज पडत नसे. दत्त चौकातून ते स्कूटरवरून निघाले की दोन्ही बाजूंनी नमस्कार येत. चहावाला, पानवाला, तिकीट तपासनीस, शाळेतला जुना दोस्त, सगळे. सगळ्यांनी कधी ना कधी भाऊंचं काहीतरी खाल्लेलं असे.

त्यांचं हे द्यायचं वेड साधं नव्हतं. घाटंजीजवळच्या आपल्या गावी निघाले की भावाच्या घरापुरती नाही, तर अख्ख्या गल्लीपुरती मिठाई घेत. एसटीत ओळखीचं कुणी दिसलं की त्याचं तिकीट काढत. लग्नात आहेराचं पाकीट दिलं की नवरदेवाच्या कानात सांगत, "एकट्यानं उघड बरं." मी एकदा म्हटलं, "भाऊ, एवढं कशाला?" तर म्हणाले, "ताई, घेतानी माणसाचं तोंड कसं फुलते, थे पाहाले पैसे लागतात. सिनेमापेक्षा स्वस्त हाये."

त्यांच्या समोरच्याच टेबलावर आमचे हेडक्लार्क नानोटेजी बसत. वरच्यानं ही दोन टेबलं समोरासमोर मुद्दाम ठेवली असावीत. नानोटेजी वापरलेल्या कागदाची पाठ वापरत, पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाली की तिला पेनचं टोपण जोडत, आणि टपरीवर कधी येत नसत. कारण तिथं चहा फुकट मिळाला, तरी एकदा तरी आपल्याला पाजावा लागेल असा त्यांचा हिशेब. भाऊ त्यांना तोंडावर 'चेंगट' म्हणत. नानोटेजी चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "दिवाकरराव, तुम्ही खर्च करून राहिले त्याला माझी ना नाही. पण आवाज कमी करा."

तर अशा माणसाच्या हातात क्रेडिट कार्ड पडलं.

नागपूरहून एक टाय लावलेला पोरगा ऑफिसात आला होता. सरकारी नोकर म्हटल्यावर कार्ड लगेच, कागदपत्रं जुजबी, पहिल्या वर्षी काही फी नाही. नानोटेजींनी त्याला उभ्या उभ्या परत पाठवलं. भाऊंनी बसवून घेतलं, समोसा मागवला आणि सही केली. तेव्हा यवतमाळात कार्ड घेणारी दुकानं फार नव्हती. पेट्रोल पंप, एकदोन मोठी कापडाची दुकानं, टीव्ही-फ्रीजवाला, एक हॉटेल. पण भाऊंना तेवढी पुरली. काउंटरवर ते कार्ड असं टाकत, जसा कुणी हुकमाचा एक्का टाकावा. वर्षभरात खिशात असे तीन एक्के झाले.

फक्त स्वतःसाठी घेतलं असतं तर एक वेळ निभावलंही असतं. पण ऑफिसातल्या कुणाचा फ्रीज, मेहुण्याचा मोबाईल, शेजाऱ्याच्या मुलीची शिलाई मशीन, सगळं भाऊंच्या कार्डावर. "द्या मंग, जमल तसं." कुणाला जमलं, कुणाला नाही. बिल यायचं. त्यावर एक मोठा आकडा असे आणि खाली 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा. भाऊ तो लहान आकडा भरत आणि निश्चिंत होत. "बँकच म्हणते ना एवढे भरा, मंग आपण कायले जास्त भराचे? तिचा अपमान होते." व्याज नावाची गोष्ट बाकीच्या आकड्यावर दर महिन्याला चढतेय, हे त्यांना दोन वर्षं ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा एका कार्डावरून पैसे उचलून दुसऱ्याचे भरणं सुरू झालं होतं.

ती वर्षं आमच्याकडे वाईटच होती. कापसाला भाव नव्हता. ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाचं अर्धं घर कुठल्यातरी खेड्यात होतं. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ काळ्या रानात आभाळाकडे बघत बसलेला. सणाच्या तोंडावर कापडवाले गिऱ्हाइकाची वाट बघत कापडाच्या ठाणांवर पेंगत. चौकात कॅमेरे घेतलेली परगावची माणसं गावांचे रस्ते विचारत फिरत. अशा दिवसांत पहिल्या तारखेला पगार होणारा माणूस म्हणजे भाग्यवान. आणि त्या भाग्यवानानं कर्ज झालंय असं कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं?

भाऊंनी ते नाही सांगितलं. सांगितलं दुसऱ्यानंच.

एका सकाळी पांढऱ्या शर्टातला एक माणूस ऑफिसात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात त्यानं विचारलं, "गावंडे साहेब कोणते? बँकेकडून वसुलीसाठी आलोय." हॉलमधला टाइपरायटर थांबला. भाऊंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. उन्हातून आले. वासुदेव, चहा सांग. सगळ्याइले सांग." वासुदेव आमचा शिपाई. त्यानं चहा आणला, वसुलीवाल्यानं तो प्यायला, बिस्किटंही खाल्ली, आणि जाताना म्हणाला, "साहेब, आत्ता तुमच्या घरूनच आलो. वहिनींनी पोहे दिले. माणसं चांगली आहात तुम्ही. पण आठ दिवसांत काहीतरी करा."

पोहे दिले म्हणजे वहिनींना कळलं होतं. चहाचा कप भाऊंच्या हातात तसाच राहिला.

मी त्यांच्या कॉलनीतच, मागच्या गल्लीत राहत होते. संध्याकाळी रेखावहिनींनीच मला हाक मारून नेलं. बहुधा त्यांना घरात तिसरं माणूस हवं होतं, म्हणजे आवाज चढणार नाही. वहिनी बुटक्या, हसऱ्या, नवऱ्याच्या खांद्यालाही न पोचणाऱ्या. पण त्या दिवशी भाऊच लहान दिसत होते. दिवाणावर बिलं पसरली होती. मुलगी वैशाली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बेरीज करत होती. बेरीज झाली. तिनं कागद आईकडे सरकवला. वहिनींनी तो बराच वेळ पाहिला.

"एवढ्यात त वैशूचं लग्न झालं असतं," त्या म्हणाल्या, "अन् वरतून जावयाले मोटरसायकल."

भाऊ एकेका बिलाची घडी घालू लागले.

"लोकं पावसापायी बुडाले, भावापायी बुडाले. आपण कायनं बुडालो हो? समोस्यानं!"

आणि त्या हसायलाच लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग मोकळ्यानं. वैशाली हसली, मलाही आवरेना. भाऊ एकटे रडत होते. एवढा मोठा माणूस रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. वहिनींनी हसतच त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "पुरे आता. उद्यापासून पगार माह्या हाती. अन् थे तीन पत्ते इकडे द्या." शिलाईच्या मोठ्या कात्रीनं त्यांनी तिन्ही कार्डं कापली. एक जाड निघालं, त्याला दोनदा कात्री लावावी लागली.

कार्डं कापल्यानं कर्ज कापलं जात नाही. व्याज धावतच होतं. वाट एकच होती. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून कमी व्याजाचं कर्ज काढायचं, बँका एकदाच्या मिटवायच्या आणि पगारातून हप्ता कापून द्यायचा. पण पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. आयुष्यभर इतरांना जामीन राहिलेल्या भाऊंना हे मागणं जमेना. कुणाच्याही टेबलापाशी जाऊन उभे राहत, पेपरवेट उचलत, "काय म्हणते ऊन?" असं विचारत आणि परत येत.

तेवढ्यात आमच्यातल्या एकाला बढती मिळाली. टपरीवर सगळे जमले. बढतीवाला म्हणाला, "पेढे माझे, पण नाश्ता भाऊंकडून! तसा रिवाजच आहे." सगळे भाऊंकडे वळले. भाऊंनी घसा साफ केला.

"पैसे नाही माह्यापाशी."

लोक हसले. त्यांना विनोद वाटला.

"खरंच नाही," भाऊ म्हणाले. या वेळी तो प्रसिद्ध आवाज जेमतेम टपरीच्या कडेपर्यंत पोचला. "कार्डाचं कर्ज झालं लय. पतसंस्थेत जामीन पाह्यजे दोन. कोणापाशी तोंड उघडू, समजून नाही राह्यलं. म्हणून सगळ्याइपाशीच उघडलं."

कुणी कपात बघू लागलं, कुणी रस्त्याकडे. मला वाटलं, ज्यांनी इतकी वर्षं खाल्लं ते आता तोंड लपवताहेत. पण मग बढतीवालाच हळूच म्हणाला, "भाऊ, मी राहिलो असतो. पण मी आधीच दोघांना जामीन आहे, अन् बाबांचं पीककर्ज माझ्याच नावावर आहे." दुसऱ्यानं सांगितलं, बायकोचे दागिने गहाण आहेत. तिसऱ्याकडेही कार्ड होतं, त्यानं घरी सांगितलं नव्हतं. इस्त्रीच्या कपड्यांतली ती सगळी माणसं एकामागून एक बोलू लागली आणि नाश्ता राहूनच गेला. इतकी वर्षं भाऊंनी त्यांना खाऊ घातलं होतं, पण एकमेकांशी इतकं खरं ती त्याच दिवशी बोलली.

ऑफिसात परतलो तेव्हा नानोटेजींनी, जे टपरीवर नव्हतेच, चष्म्यावरून बघत विचारलं, "फॉर्म कुठाय?" त्यांना वासुदेवनं सांगितलं होतं. त्यांनी फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, स्वतःच्या पेननं सही केली आणि म्हणाले, "एक अट आहे, दिवाकरराव. कर्ज फिटेस्तोवर माझं ऐकायचं." दुसरी सही मी केली. माझ्यावर तेव्हा कुणाचा भार नव्हता, एवढंच.

मग सुरू झालं ते ऑफिसला पुढं बरेच दिवस करमणूक म्हणून पुरलं. नानोटेजींनी भाऊंना शिकवणी लावली. बाजारात पोट भरून जायचं, म्हणजे जीभ गप्प राहते. आवडलेली वस्तू आठ दिवसांनी पुन्हा बघायची. बहुतेक वेळा तोवर आवड विरते. खिशात लागतील तेवढेच पैसे ठेवायचे. भाऊ कुरकुरत. "नानोटेजी, तुम्ही लहानपणापासून असेच होते काय, का शिकले कुठं?" नानोटेजी पहिल्यांदाच थोडं हसले. "वडील गेले तेव्हा मी मॅट्रिकला होतो. चार बहिणी. शिकावं लागलं." त्यानंतर भाऊंनी त्यांना चेंगट म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

घरी वहिनींचं वेगळंच राज्य होतं. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं त्यांनी जमवून ठेवली होती. पगार झाला की त्यांत पैसे वाटले जायचे. किराणा कुण्या चि. संजयच्या लग्नात, गॅस कुण्या सौ. कां. सुनीताच्या, दूध आणि वीज आणखी कुणाच्या. "अहो, सुनीतातले पैसे संजयमंधी टाकाचे नाही," अशी ताकीद त्या देत आणि आलेला पाहुणा चक्रावून जाई. पाकीट रिकामं झालं की ती गोष्ट त्या महिन्यापुरती संपली. स्कूटर आठवड्यातून एकदाच निघे. भाऊ आर्णी रोडवरून चालत ऑफिसला येऊ लागले. पहिले दिवस मान खाली घालून, मग मजेत. चालताना भेटणाऱ्याशी त्यांचं बोलणं होई. स्कूटरवरून नुसता हात हलवणं व्हायचं.

एके दिवशी त्यांचा धाकटा भाऊ तुळशीराम गावाहून आला. एसटीच्या टपावर तुरीच्या डाळीचं पोतं घालून. मी तिथंच होते.  कोरडवाहू शेती करणाऱ्या भावाकडून, तेही अशा वर्षी, काही घेणं भाऊंच्यानं होईना.

"तुले कोणं सांगतलं?"

"वैशूनं फोन केलता."

"अन् तुह्यावर काय कमी हाये? कायले आणलं?"

"माह्यावर हाये थे वेगळं," तुळशीराम पोतं टेकवत म्हणाला. "तूर घरची हाये. तू पेढे आणे, थ्या वक्ती मी म्हटलं काय कायले आणले म्हून?"

भाऊंनी पोत्याला हात लावला आणि एक बाजू धरून ते आत नेलं. त्या वर्षी घेणं कसं असतं ते त्यांना कळलं असावं. द्यायला मोठं मन लागतं म्हणतात, पण घेताना त्यांना जे जड गेलं ते मी पाहिलं.

मग वर्षभर तूर. वरण, आमटी, डाळीचे वडे, डाळ-मेथी, भिजवून वाटून वाफवलेले फुणके. वहिनी डबा मोठा करून देत आणि दुपारी ऑफिसच्या ओट्यावर आमची पंगत बसू लागली. कुणी आंबाडीची भाजी आणे, कुणी ठेचा. हॉटेलची बिलं सगळ्यांचीच वाचली. भाऊ वाढत फिरत. "घ्या हो, घ्या! आज फुणके हायेत, उद्या तूरच हाये, पण नाव वेगळं राहीन." त्यांचा आवाज पुन्हा दुसऱ्या खोलीपर्यंत जाऊ लागला होता.

पाय घसरला तो एकदाच. दिवाळीत. कापडवाल्यानं हाक मारली, ओळख जुनी, आणि भाऊ वहिनींसाठी उधारीवर साडी घेऊन आले. वहिनींनी घडी उघडली, साडी अंगावर धरून पाहिली, पुन्हा घडी घातली आणि चपला पायात सरकवल्या. "चला." दुकानदार म्हणाला, "वहिनी, विकलेला माल परत घेत नाही, अन् पैशाची घाई कोणाला आहे?" वहिनी म्हणाल्या, "घाई मले हाये. याइचं कर्ज फिटत आलं. तुमचं नवं कायले चढवता?" साडी परत घ्यायला लावूनच त्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी नळावर मला हे सगळं हसत सांगितलं, आणि शेवटी जरा थांबून म्हणाल्या, "जांभळा रंग होता ताई. चांगला होता लय." मग बादली उचलून गेल्या. भाऊंना त्या साडीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

पतसंस्थेचा शेवटचा हप्ता कापला गेला, तेव्हा बेबाकीचा दाखला घेऊन भाऊ आधी नानोटेजींच्या टेबलाशी गेले. नानोटेजींनी दाखला दोनदा वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला. आम्हाला वाटलं, आता तरी हा माणूस चहा पाजेल. ते म्हणाले, "छान. आता तोच हप्ता पुढच्या महिन्यापासून वैशालीच्या नावानं टाका. सवय मोडू नका." चहा त्यांनी तेव्हाही पाजला नाही. भाऊंनी मात्र वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि नानोटेजी गडबडून खुर्चीसकट मागे सरकले.

त्याच सुमारास त्या टायवाल्या पोराच्या कंपनीतून भाऊंना फोन आला. तुमचा व्यवहार उत्तम आहे, नवं कार्ड, दुप्पट मर्यादा. भाऊंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा पगार किती हाये? वाचते काय काही?" पलीकडची मुलगी आधी गोंधळली, मग बोलू लागली. बराच वेळ तीच बोलत होती. फोन ठेवताना भाऊ म्हणाले, "अमरावतीची हाये पोरगी. तिच्यावरही दोन कार्डं हायेत."

पुढच्या उन्हाळ्यात माझी वाशिमला बदली झाली. मी सकाळी बसस्थानकावर पोचले, तर समोरच्या गाडीत खिडकीपाशी रेखावहिनी. मी जवळ गेले.

"कुठं निघालात?"

"सहस्रकुंडाले. धबधबा पाहाले." त्या लाजल्या. "हे म्हणाले, तुले काय पाह्यजे सांग. मी म्हटलं, मले एक दिवस सैपाक नाही कराचा. म्हणून निघालो."

"उन्हाळ्यात पाणी असतं का तिथं?"

"कोण जाणे. नसन त दगड पाहू."

भाऊ त्यांच्या शेजारीच होते. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, तर वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. गाडी अजून आगारातच होती, कंडक्टर दारातून ओरडत होता, फेरीवाले खिडक्यांवर थापा मारत होते, आणि त्या सगळ्या कालव्यात गावंडेभाऊ बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपले होते. त्या खांद्यापर्यंत पोचायला त्यांना बरंच वाकावं लागलं होतं.

"कसे झोपले पाहा," वहिनी कुजबुजल्या. "कर्ज होतं तवा रातभर कूस बदलत राहेत. आता कुठंही बसले की डोळा लागते."

गाडी हलली. धक्क्यानं भाऊंची मान कलंडली, वहिनींनी ती हातानं धरून पुन्हा नीट खांद्यावर ठेवली आणि दुसरा हात मला हलवून दाखवला.